ग्रीन टी नेमकी कशी प्यायची: पोटाच्या चरबीमुळे आत धुमसणाऱ्या सुजेसाठी

मागच्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझ्या रिपोर्टवर तीन ठिकाणी लाल खूण आली, फॅटी लिव्हर ग्रेड वन, फास्टिंग शुगर १०८ आणि एचएस-सीआरपी, म्हणजे आतली सूज मोजणारी रक्ताची टेस्ट, ४.१, आणि वजन म्हणाल तर ६३ किलो, म्हणजे रस्त्यात बघणारं कोणी मला जाड म्हणणार नाही. डॉक्टरांनी पोटाकडे बोट दाखवून सांगितलं, ताई काट्याचं सोडा, ही इथली चरबी आत सूज धरून बसलीय. झालं, त्या दिवसापासून जो भेटेल तो एकच सांगायला लागला, ग्रीन टी पी. ठाणे-वाशी लोकलमधल्या मैत्रिणी, कोपरखैरण्याची धाकटी जाऊ, सोसायटीतल्या काकू, सगळ्या. पण किती प्यायची, कधी प्यायची, कशी करायची, त्याने नेमकं काय होतं आणि काय होत नाही हे एकीलाही सांगता येईना. मग मी स्वतःच वाचायला बसले, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं, आणि घरी सगळं करून बघितलं. ज्यांच्या रिपोर्टवर अशाच खुणा आल्यात त्यांना सरळ वापरता यावं म्हणून हे लिहितेय.

आधी आत काय चाललेलं असतं ते समजून घ्या, कारण ते कळलं की कप कधी उचलायचा ते आपोआप कळतं. चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं गोदाम नाही. चरबीच्या पेशी फुगत जातात तसं त्यांना रक्त आणि ऑक्सिजन पुरत नाही, काही पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी उचलायला शरीरातल्या सफाईच्या पेशी, मॅक्रोफेज म्हणतात त्यांना, तिथे येऊन घेराव घालतात. त्या आल्या की केमिकल सिग्नल सोडतात, टीएनएफ-अल्फा, आयएल-६ वगैरे. १९९३ मध्ये अमेरिकेत होतामिस्लिगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ प्राण्यांच्या चरबीतूनच हा टीएनएफ-अल्फा निघतो आणि इन्सुलिनचं काम बिघडवतो हे दाखवलं, तोवर चरबीला कोणी एवढं मनावर घेतच नव्हतं. आयएल-६चा निरोप लिव्हरला पोचला की लिव्हर सीआरपी बनवतं, आणि तोच आकडा आपल्या रिपोर्टवर छापून येतो. ही सूज पाय मुरगळल्यासारखी दिसत नाही, दुखत नाही, ताप नाही. ठाण्याजवळच्या दिवा गावातलं डम्पिंग ग्राउंड ज्यांनी बघितलंय त्यांना लगेच कळेल, वर ज्वाळा काही दिसायची नाही पण आत धुमसत राहायचं आणि धूर येत राहायचा, तसंच हे.

या सुजेच्या जोडीला असतो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. तो म्हणजे काय, तर खोबरं खवट होतं ना, तेच. पावसाळ्यात खोबऱ्याची वाटी डब्यात राहिली, तेलकट वास यायला लागला, ते म्हणजे त्यातल्या फॅटवर ऑक्सिजनने केलेला हल्ला. शरीरात साखर आणि फॅट गरजेपेक्षा जास्त आलं की पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागातून, नको तितके फ्री रॅडिकल्स, म्हणजे आजूबाजूला हल्ला करणारे अस्थिर कण, बाहेर पडतात आणि पेशीच्या आवरणातल्या फॅटला असंच खवट करतात. त्यातून एमडीए नावाचा पदार्थ तयार होतो, तो रक्तात मोजता येतो, आणि गंमत म्हणजे तेल, मांस किती खवट झालंय ते मोजायलाही याच पदार्थाची टेस्ट वापरतात. खवटपणाने सूज वाढते, सुजेच्या पेशी अजून फ्री रॅडिकल्स सोडतात, आणि हे चक्र चालू राहतं, वर्षानुवर्षं.

आपल्या लोकांना हे जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला होता, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सेम, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, आणि कंबर बायकांची ८० सेंटीमीटर, पुरुषांची ९० च्या वर नको असं सांगतात. माझी ८९ होती. नवऱ्याची ९८.

आता ग्रीन टी यात काय करते. चहाचंच झाड, तीच पानं, फक्त आपल्या रोजच्या सीटीसी चहात पानं चिरडून हवेवर काळी पडू देतात आणि ग्रीन टीत पानं तोडल्या तोडल्या वाफवतात किंवा कढईत भाजतात म्हणजे ती काळी पडत नाहीत. त्यामुळे कॅटेचिन्स नावाचे पदार्थ शाबूत राहतात, आणि त्यातला मुख्य तो ईजीसीजी. दोन-अडीच ग्रॅम पानांच्या एका नीट केलेल्या कपात साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम कॅटेचिन्स उतरतात. लॅबमध्ये पेशींवर बघितलं तर ईजीसीजी पेशींचं स्वतःचं संरक्षण जागं करतं आणि सुजेचं बटण, एनएफ-कप्पा-बी म्हणतात त्याला, ते दाबून ठेवतं. पण लॅबमधली डिश वेगळी आणि आपलं पोट वेगळं, प्यालेल्या ईजीसीजीतलं अगदी थोडंच रक्तात पोचतं, बाकीचं आतड्यातच राहतं. म्हणून माणसांवर काय झालं तेच बघायचं.

अमेरिकेत ओक्लाहोमात २०१० मध्ये एक ट्रायल छापून आली, लठ्ठपणा आणि मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोट, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यातलं बरंच एकत्र बिघडलेलं, असलेली ३५ माणसं, आठ आठवडे, एका गटाला रोज चार कप ग्रीन टी, एकाला ग्रीन टीचा अर्क कॅप्सूलमधून, एकाला साधं पाणी. चहावाल्यांच्या रक्तातला तो खवटपणाचा एमडीए पाणीवाल्यांपेक्षा खाली आला, वजनही थोडं उतरलं. पण त्याच माणसांचा सुजेचा हिशोब पुढच्या वर्षी छापून आला तर सीआरपी, आयएल-६ जिथल्या तिथे, सिरम अमायलॉइड नावाचा एकच मार्कर कमी झालेला. २०२२ मध्ये ओहायोतून अजून एक आलं, २८ दिवस रोज पाच कपांइतका अर्क, त्यात फास्टिंग शुगर उतरली आणि आतड्यातली सूज कमी झाली, मेटाबॉलिक सिंड्रोमवाल्यांचीही आणि धडधाकट लोकांचीही. आणि वजनाचं म्हणाल तर कॉक्रेन नावाच्या, आधी झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये १८ ट्रायल्स एकत्र तपासल्या, जपानबाहेरच्या सहा ट्रायल्समध्ये वजनातला फरक निघाला सरासरी ०.०४ किलो. ४० ग्रॅम. म्हणजे पोळीच्या एका लहान गोळ्याएवढा.

म्हणून मी स्वतःशी जे ठरवलं ते सांगते. ग्रीन टी वजन उतरवत नाही, ती खवटपणाला थोडा लगाम घालते, आतड्याला थोडी मदत करते, सुजेवर परिणाम झाला तर थोडाच. खरा मोठा फायदा ती ज्याची जागा घेते त्याच्यामुळे होतो. तुमचे पाच गोड चहा तसेच चालू ठेवून वर दोन कप ग्रीन टी ढोसलीत तर काहीही होणार नाही.

तर पहिली पायरी कप मोजण्याची. तीन दिवस कागदावर लिहा, किती चहा आणि प्रत्येकात किती चमचे साखर. माझं असं होतं, सकाळी सासूबाईंबरोबर एक, ऐरोलीला ऑफिसात पोचल्यावर मशीनचा एक, अकरा वाजता एक, साडेचारला टपरीवरचा कटिंग, घरी आल्यावर एक. मशीनच्या प्रीमिक्समध्ये साखर आधीच घातलेली असते, ती धरतच नाही आपण. पाच कप, दोन-दोन चमचे, दहा चमचे, म्हणजे ४० ग्रॅमच्या वर साखर नुसत्या चहातून, आणि डब्ल्यूएचओ सांगतं की दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. त्यात प्रत्येक चहाबरोबर काहीतरी असतंच, खारी, बिस्किट, साडेचारला वडापाव. चहा एकटा येत नाही आपल्याकडे, चार पाहुणे घेऊन येतो.

सगळे चहा एकदम सोडू नका. सकाळचा सासूबाईंबरोबरचा मी ठेवलाय, साखर एका चमच्यावर आणलीय, तो चहा नुसता चहा नसतो, दिवसभरातलं आमचं तेवढंच बोलणं असतं. काळ्या चहातही चांगली द्रव्यं असतात, तो काही शत्रू नाही. मी बदलले ते मधले तीन, मशीनचा, अकराचा आणि टपरीचा. एवढ्यानेच रोजचे सहा चमचे गेले, महिन्याचा हिशोब केला तर पाऊण किलोच्या थोडी खाली साखर. किराण्याची पिशवी उचलताना हा आकडा आठवून बघा. पहिल्या आठवड्यात एकच कप बदला, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, घाई केलीत तर डोकं दुखेल आणि टपरीवर परत जाल.

टपरीची सवय मोडणं सगळ्यात अवघड गेलं, खरं सांगते. चहासाठी कोण जातं, गप्पांसाठी जातो. मी आता कपात ग्रीन टी घेऊन मैत्रिणींबरोबर खाली उतरते, त्या कटिंग घेतात मी माझी घेते, आणि हातात कुरमुरे-चणे किंवा भाजलेले शेंगदाणे असतात. नुसता कप घेऊन उभं राहिलं की वडापावचा वास जिंकतो.

आता विकत घेताना. बॅगपेक्षा सुटी पानं घ्या. बॅगेत बहुतेक चुरा असतो, आणि काही पिरॅमिडसारख्या दिसणाऱ्या चकचकीत बॅगा प्लास्टिकच्या जाळीच्या असतात, गरम पाण्यात त्यातून प्लास्टिकचे बारीक कण सुटतात हे कॅनडाच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीने २०१९ मध्ये दाखवलंय. बॅगच घ्यायची असेल तर कागदाची घ्या. महागाचं जपानी घ्यायची काही गरज नाही, आसाम, दार्जिलिंग, निलगिरी, हिमाचलचं कांगडा, सगळीकडची ग्रीन टी मिळते आणि चांगली असते. पाकिटावर पॅकिंगची तारीख बघा, जितकी अलीकडची तितकी बरी, आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आहे का बघा. पानं हिरवट दिसली पाहिजेत आणि वास गवताचा यायला हवा, तपकिरी पडलेली आणि जुन्या कागदासारखी वास येणारी घेऊ नका. लेमन-हनी फ्लेवर, स्लिमिंग टी, डिटॉक्स टी यांच्या मागचं बारीक अक्षर वाचा, स्लिमिंगवाल्यांत बऱ्याचदा सोनामुखी असते, म्हणजे जुलाबाचं औषध, पोट रिकामं झालं की वजन कमी झाल्यासारखं वाटतं एवढंच. बाटलीतली तयार आइस ग्रीन टी तर साखरेचं पाणीच असतं बहुतेक वेळा, त्यात कॅटेचिन्स फारच कमी उरलेली असतात.

छोटं पाकीट घ्या, शंभर ग्रॅमचं पुरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळंच सादळतं, पापड, मीठ, चहा. दमटपणा, उजेड आणि उष्णता तिन्हीने कॅटेचिन्स कमी होतात, म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गॅसपासून लांब, आणि मसाल्याच्या कपाटात नको, ग्रीन टी शेजारचा वास पटकन धरते, माझी पहिली दोन आठवडे गोडा मसाल्यासारखी लागत होती.

करायची कशी. लोक काय करतात, नेहमीच्या चहासारखी पातेल्यात पानं टाकून उकळतात, मग ती कडूजहर होते आणि म्हणतात ग्रीन टी आपल्याला जमत नाही. उकळायची नाही. पाणी गॅसवर ठेवा, तळाला बारीक बारीक बुडबुडे धरले आणि वाफ यायला लागली की गॅस बंद, खळखळ उकळी येऊ द्यायची नाही. ७० ते ८० डिग्री पाहिजे. ऑफिसात इलेक्ट्रिक केटल असते ती उकळूनच बंद होते, तर झाकण उघडून चार-पाच मिनिटं थांबा. २०० मिलीच्या कपाला दोन ग्रॅम पानं, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, पण पानं मोठी गुंडाळलेली असतील तर चमच्यात वजन वेगळं भरतं, एकदा घरच्या छोट्या वजनकाट्यावर मोजून चमचा ठरवून टाका. पानांवर पाणी ओता, पानं पाण्यावर टाकू नका, वर झाकणी ठेवा, दोन ते तीन मिनिटं. मग गाळा. पानं कपातच ठेवून अर्धा तास पीत बसलं की कडवट होत जाते. तीच पानं दुसऱ्यांदा वापरता येतात, लगेच, त्याच वेळी, दुसरा कप सौम्य येतो पण येतो. संध्याकाळसाठी ओली पानं ठेवू नका.

लिंबू पिळा, कप थोडा कोमट झाल्यावर, पाव लिंबू पुरतं. कारण नुसतं चवीचं नाही, कॅटेचिन्स आतड्यात पोचेपर्यंत बरीचशी मोडतात, आणि २००७ मध्ये पर्ड्यू युनिव्हर्सिटीत लॅबमध्ये पचनाची नक्कल करून बघितलं तर लिंबूवर्गीय रसाने ती बऱ्यापैकी टिकून राहिली. लॅबमधलं आहे, माणसात तेवढंच होईल असं नाही, पण लिंबू घरात असतंच. पुदिन्याची दोन पानं, आल्याची चकती, वेलची, गवती चहाचं पातं, काहीही घाला. मध नको. मध ही साखरच, शरीराला फरक कळत नाही. दूध पण नको, दुधातलं प्रोटीन कॅटेचिन्सना धरून ठेवतं, त्याने किती नुकसान होतं यावर वेगवेगळे निकाल आहेत, पण दूध आलं की पाठोपाठ साखर येतेच. सकाळी थर्मास भरून दुपारपर्यंत पिणाऱ्या मैत्रिणी आहेत माझ्या, ती दुपारी तपकिरी दिसते ना, तो रंग म्हणजेच कॅटेचिन्स हवेने जळलेली. पानं डबीत न्या, तिथे ताजी करा.

वेळ. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. सकाळी उठून रिकाम्या पोटी पिऊ नका, बऱ्याच जणांना मळमळतं, ॲसिडिटी होते, मला तर लोकलमध्ये गरगरायला लागलं होतं एकदा. नाश्त्यानंतर तासाभराने. आणि जेवताना किंवा जेवल्या जेवल्या अजिबात नको, कारण हीच कॅटेचिन्स पालेभाजी, डाळी, नाचणी यांच्यातलं लोह पकडून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे, हा एनएफएचएस-५ या २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीचा आकडा आहे, म्हणजे पोट कमी करायला निघालेल्या आपल्यातल्या निम्म्याहून जास्त जणींना आधीच रक्त कमी. जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढं अंतर पाळाच, आणि लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यापासून दोन तास लांब. माझं टाइमटेबल असं बसलं, साडेदहा, साडेअकरा, मग एकला डबा, आणि साडेचार. पाचनंतर बंद. एका कपात ३०-४० मिलिग्रॅम कॅफिन असतं, कमी आहे, पण ज्यांना झोप लागायला त्रास होतो त्यांना तेवढंही पुरतं, आणि झोप कमी झाली की सूज उलट वाढते, मग सगळा उपद्व्याप वाया.

किती? तीन कप, फार तर चार. जास्त प्यायलं की जास्त फायदा असं नाही.

कोणी आधी डॉक्टरांना विचारायचं ते पण सांगते, हे गंभीर आहे. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर, ग्रीन टी भरपूर प्यायली की त्या गोळीचं काम बिघडू शकतं. नॅडोलॉल नावाची बीपीची गोळी, तिचं रक्तातलं प्रमाण ग्रीन टीने चांगलंच घटतं. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घेता ना, मग त्यानंतर निदान तासभर कुठलाच चहा नको. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय एक कपही नको. गरोदर बायकांनी दिवसभराचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, त्यात नेहमीचा चहा-कॉफी पण धरायचा, आणि ग्रीन टी फॉलिक ॲसिडच्या आड येऊ शकते म्हणून त्या महिन्यांत सोडूनच द्या. आणि डायबेटिसच्या, बीपीच्या गोळ्या ग्रीन टी चालू केली म्हणून कोणीही स्वतःच्या मनाने कमी करायच्या नाहीत.

कॅप्सूल घेऊ नका. हे मी जीव तोडून सांगतेय कारण आमच्याच घरात घडलंय. धाकट्या जावेने ऑनलाइन फॅट बर्नरच्या गोळ्या मागवल्या, वर लिहिलेलं ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, नॅचरल, हिरवं पान छापलेलं. पाचव्या आठवड्यात तिला जेवण नको वाटायला लागलं, अंगाला खाज, लघवी गडद, आम्हाला वाटलं उन्हाळा आहे, पाणी कमी पडतंय. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्ताची टेस्ट, केली तर नॉर्मलच्या सहापट. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, कुठल्या गोळ्या घेताय. गोळ्या बंद केल्या आणि दोन महिन्यांनी लिव्हर जागेवर आलं, पण ते दोन महिने घर कसं होतं ते आम्हालाच माहिती. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय की दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी सप्लिमेंटमधून गेलं की लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली दिसतात, आणि २०२२ मध्ये तिथे ८०० च्या आतच पाहिजे असा नियमच झाला. पाण्यात केलेल्या ग्रीन टीतून साधारण माणसाच्या पोटात दिवसाला ९० ते ३०० मिलिग्रॅम जातं, तेही थोडं थोडं, दिवसभरात. गोळीत ते एकगठ्ठा जातं, आणि बरेच जण वजन उतरावं म्हणून रिकाम्या पोटी घेतात, तेव्हा तर अजून जास्त शोषलं जातं. डोळे पिवळे, लघवी गडद, उजव्या बरगडीखाली दुखणं, खाज, यातलं काही दिसलं तर गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

मोजायचं कसं. काट्यावर रोज उभं राहू नका, वर सांगितलं तसं ग्रीन टीचं काम काट्यावर दिसत नाही. टेप घ्या, शिवणकामाची चालते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या बरोबर मध्ये, उभं राहून, श्वास सोडून, पोट आत न ओढता. नाडीच्या जागेवर किंवा पँटच्या पट्ट्यावर मोजू नका, पट्टा पोटाच्या खाली बसलेला असतो आणि आकडा खोटा येतो, माझ्या नवऱ्याची पँट ३६ ची आणि कंबर ९८ सेंटीमीटर, हे कसं ते तेव्हा कळलं. पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, आणि कागद फ्रिजवर लावा. उंचीच्या निम्म्याच्या आत कंबर आली की पुष्कळ.

रक्ताची तपासणी सुरुवातीला एकदा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा. एचएस-सीआरपी, साधी सीआरपी नाही, तिला एवढे बारीक आकडे कळत नाहीत. १ च्या खाली चांगलं, १ ते ३ मधलं, ३ च्या वर हृदयाच्या दृष्टीने काळजीचं, आणि १० च्या वर आलं तर बहुतेक कुठेतरी इन्फेक्शन आहे, बरं झाल्यावर परत करायची. सर्दी-ताप असताना, दाढ सुजलेली असताना ही टेस्ट करूच नका, पैसे फुकट जातात. सोबत फास्टिंग शुगर, एसजीपीटी, लिपिड आणि बायकांनी हिमोग्लोबिन करायचंच, लोहाचं वर सांगितलं म्हणून. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा एमडीए वगैरे रिसर्चमध्ये मोजतात, त्याची महागडी पॅकेजेस कोणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा, त्या आकड्यावर तुमचा डॉक्टर काहीच वेगळं करणार नाही.

आणि चालणं. रात्रीच्या जेवणानंतर आम्ही दोघं ठाण्याच्या तलावपाळीला एक फेरी मारतो, रविवारी उपवन तलावाला दोन, पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी शुगरची उडी कमी होते, आणि शुगरची उडी म्हणजे परत तेच फ्री रॅडिकल्स. यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहिती आहे, करायचंच बाकी असतं.

माझं पाच महिन्यांनी एचएस-सीआरपी ४.१ वरून २.६ वर आलं, शुगर ९७, कंबर ८९ ची ८४, वजन फक्त दोन किलो खाली. यातलं किती ग्रीन टीने, किती साखर सुटल्याने, किती वडापाव सुटल्याने आणि किती तलावपाळीने हे मला वेगळं करून सांगता येणार नाही, डॉक्टरांनाही नाही आलं. हिमोग्लोबिन मात्र ११.२ वरून ११.८ झालं, जेवणापासून अंतर पाळलं म्हणून घटलं तरी नाही, याचं मला जास्त समाधान आहे. नवरा दोन महिन्यांपूर्वी या वाटेला लागला, त्याने साखर आधी सोडली आणि ग्रीन टी नंतर धरली, चव त्याला अजून आवडत नाही, गवती चहा घालून घेतो. त्याची टेप सध्या ९६ दाखवतेय, पुढचं माप गणपतीच्या आदल्या रविवारी, मोदकांच्या आधी.